सपाट बूड

एका सोमवारी माझा भाऊ वारला. सारंगखेड्याला तापीच्या बंधाऱ्यामागच्या फुगवट्यात, मोटरबोटीमागे दोरी धरून उभं राहण्यासाठी तो एक फळी करत होता. फळीखाली दांडा, दांड्याला पंख. वेग आला की पंख फळीला पाण्यावर उचलतात. ती अर्धीच राहिली.

होड्या दुरुस्त करणारा एक जण त्याला मदत करायचा. कुठलीही होडी पालथी दिसली, की हा तिच्या बुडावर हात फिरवणारच. तिथल्या घोडेबाजाराच्या यात्रेत तर अनोळखी घोड्यांच्या पोटाखालूनही फिरवायचा. "सांगू का नको?" असं विचारायचा आणि उत्तराआधीच सांगायचा. फळीचं बूड भावाला सपाट हवं होतं, याला मधे धार हवी होती. रोज भांडण. "सपाट बूड लवकर उठस रे भाऊ, पन खाले पडनं का पानी थापड मारस!"

महिन्याभराने मी त्या होडीवाल्याकडे गेलो. पोहता न येणाऱ्या माणसाने बुडांच्या आकारांवर जितकं वाचू नये, तितकं मी वाचलं होतं. दुःखालाही माझा कंटाळा आला असावा.

"तुमचंच बरोबर होतं," मी निकाल दिला. "धार काढा."

त्याने कानस खाली ठेवली. या वेळी 'सांगू का' विचारलं नाही.

"वाद त्यानासंगे व्हता, सर. तोच नही, ते मी जिकीसन काय करू?"

फळी त्याने पुरी केली. आता दर रविवारी लाइफजॅकेट घालून मी फळीवर चढतो, तो बोट चालवतो. फळी लवकर उठते, मग पाणी मला थापड मारतं. तो मागे बघतो, बोट वळवून मला घ्यायला येतो.

फळी सपाट आहे. मला अजून पोहता येत नाही.