बराकीमागची थोरली

"अजून टवटवीत आहे हो!" रोज सकाळी बराकीमागं डोकावून आल्यावर आमचे स्टोअरकीपर हे इतक्या रडव्या तोंडानं सांगायचे की नवख्याला वाटावं, घरात कुणाचा तरी ताप उतरत नाहीये.

तेव्हा आमचं ऑफिस उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात, जुन्या लष्करी बराकीत होतं. मागं नळाशेजारच्या फुटक्या सिमेंटातून रुईचं झुडूप उगवलं होतं. कुणी लावलं नाही, कुणी जपलं नाही. रुईचं असंच असतं, तुम्हीही पाहिलं असेल.

स्टोअरकीपरांच्या दोन बायका वारल्या होत्या. तिसरी लाभत नाही म्हणून भटजींनी आधी या रुईशी त्यांचं लग्न लावलं. रुई तिसरी, खरी नवरी चौथी. घात व्हायचा तो रुईचा होईल, ती वाळेल, अशी समजूत. अंतरपाट म्हणून ऑफिसातला टेबलक्लॉथ मी स्वतः धरला होता, त्यामुळे ही ऐकीव गोष्ट नाही.

पण रुई वाळेना! भर मेमध्ये नळ आटला, तरी तिला नवी पानं. तिच्या म्हाताऱ्या उडून शेजारच्या बराकीच्या भिंतीतही रोपं आली. इकडे घरी वहिनी नुसत्या शिंकल्या तरी हे रजेचा अर्ज लिहायचे.

"उपटून टाका की," मी म्हणालो.

"बायको आहे हो. मारू कशी?"

एकदा समोरचा सिंधी चहावाला कोयता घेऊन आला. "साईं, जंगली झाड़ है, काट दूँ?"

"हाथ मत लगाव! हमारी घरवाली है!"

चहावाल्यानं रुईकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं आणि कोयता पाठीमागं धरून परत गेला.

एवढं गुपित त्यांच्या पोटात राहणं शक्यच नव्हतं. संक्रांतीला वहिनी अंबरनाथहून थेट ऑफिसात आल्या. हातात हळदीकुंकू आणि तांब्याभर पाणी.

"थोरल्या बाईंना वाण द्यायला आले."

"अगं, पाणी नको घालूस! ती वाळायला हवी!"

"इश्श! घरचं माणूस तहानलेलं ठेवायचं?"

मग त्या दर महिन्याला येऊ लागल्या आणि रुई डोक्यावर गेली.

दोघींना कधी काही झालं नाही. गेले ते स्वतः, दोन दिवसांच्या तापात. सगळी धास्ती त्यांनी बायकांसाठीच घेतली होती, स्वतःचा विचार केलाच नव्हता. मला फार वाईट वाटलं.

तेराव्यानंतर वहिनी आल्या. मी स्टोअरकीपरांची ऑफिसात राहिलेली छत्री आणि चष्मा पुढं केला. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. सरळ मागं गेल्या आणि रुईशेजारी ओल्या सिमेंटावर बसल्या.

"ताई," त्या म्हणाल्या, "तुम्हाला कुणी कळवलं नसेल..."