काळसेनाचा तंटा

माझ्या वडिलांनी गावच्या तंटामुक्ती समितीत एका माणसाविरुद्ध एकमतानं निकाल दिला. तो माणूस जन्मालाच आलेला नव्हता.

एवढं वाचून कुणीही बाबांना हसेल. पण घोळ सगळा माझा होता, हे आधीच कबूल करून टाकते.

बाभुळगाव तालुक्यातलं आमचं गाव आणि कापसाची ती वाईट वर्षं. भाव असा पडलेला की कुणी कापूस विकायला काढेना. 'चढंल, चढंल' म्हणत ज्यानं त्यानं तो घरातच कोंबलेला. आमच्या पुढच्या खोलीत ढीग आढ्याला टेकला होता. पाहुणा आला की त्याला कापसाला टेकून बसवायचं, अर्ध्या तासात अंग खाजवत तो स्वतःच उठायचा (चहा वाचायचा!). मला मात्र त्या ढिगाचा मोठा आधार होता. मोबाइलची रेंज आमच्या घरात फक्त त्याच्या शेंड्यावर यायची.

रोज दुपारी मी शेंड्यावर चढून झरोक्याशी पालथी पडायची आणि 'सात दिव्यांचं राज्य' वाचायची. ही इंटरनेटवर हप्त्याहप्त्यानं येणारी मराठी चित्रकथा. काढणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, पण आमच्याच भागातला असावा, कारण वाचकांच्या ग्रुपात निम्मे लोक यवतमाळ जिल्ह्यातले. तिच्यातला खलनायक काळसेन. त्यानं रागाच्या भरात सख्ख्या बहिणीच्या महालाचं दार जाळलं, मग कड्यावरून तळ्यात पडला आणि सगळं विसरला. आता तिच्याच बागेत गवत काढतो. तिला सगळं आठवतं, त्याला काही नाही. एवढ्यावर आम्ही दोनशे माणसं वर्षभर भांडत होतो! जे आठवतच नाही त्याची माफी मागायची कशी? आणि कुणी द्यायची कशी? मी माफीवाल्यांची पुढारी. विरुद्ध पक्षाला 'मेघरेखा' असं नाव घेतलेली एक बाई होती. तिचं म्हणणं, काळसेन सोंग करतो, त्याला सगळं आठवतं. तिला मी जे बोलले ते सवतीलाही कुणी बोलत नसेल.

मी एवढी हट्टाला का पेटले होते, ते ग्रुपात कुणाला सांगितलं नव्हतं. कापसाच्या पहिल्या वेचणीच्या दिवशी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, त्याला आमच्याकडे सीतादही म्हणतात. त्या दिवशी पहिलं बोंड वेचायचा मान घरच्या लेकीचा. म्हणजे माझ्या आत्याचा. बाबांची ही थोरली बहीण (ते तिला 'बाई' म्हणत) दरसाल उमरखेडहून यायची, पदराची ओटी करून पहिला कापूस घ्यायची आणि त्यातली एक सरकी माझ्या तळहातावर ठेवायची. मी चौदा वर्षांची असताना पिकावर लाल्या आला, पानं लाल होऊन झडली. बाबा वैतागून सगळ्या मजुरांसमोर तिला काहीतरी लागेल असं बोलले. आत्या त्याच गाडीनं परत गेली. मग सात वर्षं आली नाही. सीतादहीच्या दिवशी मी बांधावर उभी राहून रस्त्याकडे बघत बसायची. मला तिची फार आठवण यायची, आणि तिचं नाव काढायची घरात सोय नव्हती.

तर एका दुपारी मी शेंड्यावरून ग्रुपसाठी आवाज रेकॉर्ड करत होते, "त्या बहिणीनं भावाला घरात घ्यावं की नाही, तुम्हीच सांगा!"

"वैशे, कोन्या भावाचं बोलून राह्यली वं?" खालून बाबांचा आवाज.

मी गारठले. फोन मिळाला होता स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी. चित्रं बघते म्हटलं असतं तर त्याच संध्याकाळी जप्त झाला असता.

"अभ्यासाच्या ग्रुपवर आलं, बाबा. एका भावानं बहिणीचं दार जाळलं."

"जाळलं? मंग?"

"मंग तो पडला. डोक्याले मार लागला. आता त्याले काहीच आठवत नाही."

"पोलिसात गेलते का?"

"नाही."

बाबांचे डोळे चमकले. "म्हन्जे मॅटर आपसातला हाय!"

बाबा तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते, आणि त्या वर्षांत गावात भांडायलाही कुणात जोर उरला नव्हता. आठ महिने समितीपुढे एक तंटा आला नव्हता. अशा माणसाला मी काळसेन दिला!

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर बैठक. बाबा, चार सदस्य आणि माहिती द्यायला मी.

"शेती किती हाय त्याले?" एका सदस्यानं विचारलं.

"बरीच आहे." (सात राज्यं होती.)

"धंदा?"

"आधी... सैन्यात होता."

"मिल्ट्रीतला मानूस असं करते?" सदस्य हळहळले.

तासभर खल झाला. शेवटी बाबांनी निकाल दिला. "इसरलो म्हन्लं म्हन्जे सुटला का? त्याले नसंल आठवत, तिले त आठवते ना! भावानं लुगडं-नारळ घेऊन सोता जावं. दारात उभं राहावं. तिनं शिव्या देल्ल्या त खाव्या." रजिस्टरात काळसेनाच्या नावावर ते लिहिलं गेलं (नाव मी खरंच सांगितलं होतं), चौघांच्या सह्या झाल्या. मी म्हटलं, चला, सुटलो. पण बाबा म्हणाले, "त्याच्यापर्यंत पोचलं पाह्यजे. लाव तुह्या ग्रुपवर, मीच बोलतो."

आणि अध्यक्ष ढिगावर चढले! कमरेपर्यंत कापसात रुतून, एका हातानं आढं धरून, त्यांनी काळसेनाला पावणेदोन मिनिटं समज दिली. ग्रुपात आग लागली. हे काका कोण? खुद्द लेखकच आले की काय? नामाफीवाले धडाधड आमच्या पक्षात येऊ लागले. मी विजयानं फुगले होते.

रात्री ताट वाढताना आई शांतपणे म्हणाली, "लोकाच्या भावाले चांगलं शिकवता. उमरखेडले कवा जाता मंग?"

"मी काय म्हन्लं होतं तिले? मले त आठवतही नाही!"

"काळसेनालेही नाही आठवत," आई म्हणाली आणि भाकरी वाढून आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेघरेखाचा निरोप आला. शिव्या असणार म्हणून मी कंबर कसून ऐकायला घेतला. पण आवाज तिचा नव्हता. "वैशे, हा तुह्या बापाचाच आवाज व्हय ना? मोनानं ऐकवला. सांग त्याले, मी दोन दिवस वावरात जात नाही. घरीच हाव."

मोना म्हणजे आत्याची मुलगी. वर्षभर जिची मी पिसं काढत होते, ती माझी आतेबहीण! पण ते नंतर सुचलं. आधी सात वर्षांनी आत्याचा आवाज ऐकून मी ढिगावर लहान पोरीसारखी रडले. मग डोळे पुसून खाली आले आणि बाबांना ऐकवला.

बाबांनी तो पुन्हा एकदा लावायला सांगितला. मग म्हणाले, "बाईले काळसेनाचं कसं समजलं?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "बाबा, काळसेन नाही."

"मेला?"

"नाही. तो चित्रातला आहे."

त्यानंतरची पाच मिनिटं मी लिहीत नाही. सारांश असा की चित्राला लुगडं घ्यायला लावणारा अध्यक्ष जिल्ह्यात दुसरा नसेल, निकाल रद्द आणि कुणी कुठं जाणार नाही! आई दारातून एवढंच म्हणाली, "चार जनाच्या सह्या हायेत. मानूस खोटा असंल, निकाल खरा हाय."

बाबा शेतात निघून गेले ते रात्रीच परतले. मला वाटलं, माझ्या खोटेपणामुळे आता आत्या कायमची तुटली. तिकडे ती दाराशी वाट बघत बसली असेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दाढी करताना आरशालाच म्हणाले, "लुगडं हिरवं घेऊ. तिले हिरवं आवडते." मलाही सोबत घेतलं (आरोपी म्हणून).

यवतमाळला एसटी बदलून आम्ही उमरखेडला पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. आत्या दारातच होती. केस पांढरे झालेले, बाकी तीच. मला धावत जाऊन तिच्या गळ्यात पडायचं होतं, पण बाबा मध्ये नारळ धरून उभे.

"खरंच आठवत नाही तुले, भाऊ?" तिनं विचारलं.

बाबा म्हणाले, "आठवते, बाई. सारं आठवते. तू पदरात कापूस घेऊन उभी होती. मी म्हन्लं, तुह्या हातालेच यश नाही, म्हनून लाल्या आला. सारे मजूर आयकत होते. तू कापूस हळूच खाली ठेवला अन् गेली. इसरलो म्हन्लं का घरात कोनी इचारत नाही, म्हनून म्हनत होतो."

आत्यानं डोळ्यांना पदर लावला. "उन्हात काहून उभा हायस? पाय धू अन् ये अंदर."

मोनानं आतून माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. वर्षभराचा वाद ती एका भुवईत जिंकली होती. मी हार मानली आणि आत्याच्या कुशीत शिरले. तिच्या लुगड्याला तोच वास होता. वाटलं, आता ही मला सोडूच नये.

जेवताना ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "हे वैशी! पाच वर्साची होती. पोळ्याले ढवळ्या बैलाच्या गळ्यात हार टाकला अन् म्हने, मी याच्यासंगच लगन करतो! तीन दिवस गोठ्यातून उठे ना. हगायलेही त्यालेच सोबत ने म्हने!"

सगळे हसले. मीही हसले, कारण मोनाच्या हातातल्या फोनवरचा रेकॉर्डिंगचा लाल ठिपका मी उशिरा पाहिला. दोन मिनिटांत ते दोनशे जणांनी ऐकलं, आणि काळसेनाचा प्रश्न बाजूला ठेवून ग्रुप माझ्या लग्नाच्या चर्चेला लागला. सात वर्षं मी जिच्या आठवणीनं झुरत होते, तिची स्वतःची आठवण इतकी पक्की असेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.