कॉस्मे फर्नांडिस सभ्य झाला तेव्हा

कॉस्मे फर्नांडिस माझा शेजारी, भिंतीला भिंत. धंद्याने होडीसुतार, स्वभावाने फुरसं. सकाळी उठला की आधी कोंबड्याला शिवी, मग पाणी लवकर तापत नाही म्हणून चुलीला, आणि कारणं संपली की मला. त्याची बायको लुईझा मला समजवायची, "भाई, मनार घेव नको. शिवी नाय घातल्यान तर त्येका खाल्लला पचना नाय." मी कशाला मनावर घेतोय? एखाद्या सकाळी शिवी चुकली तर मीच कुंपणाशी जाऊन खाकरायचो.

ह्या माणसाच्या जिभेची कदर वेंगुर्ल्यात एकाच इसमाला होती. तो विश्राम गावडे. बंदराच्या वाटेवर त्याचं हॉटेल. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक बिडाचा तवा आणि विश्रामचं डोकं. कालचा पदार्थ आज करायला त्या डोक्याला लाज वाटायची. आंबोळीच्या पिठात काकडीसारखं तवसं किसून घाल, घावनावर सुका जवळा भुरभुरव, शिरवाळ्यांच्या शेवयांवर गोड रसाऐवजी काळ्या वाटाण्याचं सांबारं ओत, असले उद्योग रोज पहाटेपासून. त्यातलं निम्मं माणसाने खाण्याजोगं नसे. कुठलं निम्मं, ते कॉस्मे ठरवायचा.

पहिली बशी त्याचीच. बाकड्यावर पाठ दुखते म्हणून स्वतःच्या हाताने केलेली सागवानी खुर्ची त्याने हॉटेलात आणून ठेवली होती. तिच्यावर बसून तो एक घास घ्यायचा आणि गर्जायचा, "मेल्या, ह्या काय केलंस? म्हशीक घातलंस तर म्हस दूध देवची बंद होतली!"

विश्राम पुढे वाकून विचारायचा, "मीठ चुकला काय खोबरा?"

"दोनय! आणि तुका जल्माक घातल्यानी ताय चुकला!"

विश्राम खूश होऊन आत जायचा, पुन्हा करायचा. शिव्या उतरत उतरत नुसत्या 'शिरा पडो तुझ्या तोंडार'वर आल्या आणि कॉस्मेने दुसरी बशी मागितली, की तो पदार्थ आम्हा बाकीच्यांना मिळायचा. आम्ही चहा पीत वाट बघत बसायचो. ह्या दोघांनी एकमेकांना कधी गोड शब्द दिलेला मी ऐकला नाही, आणि एक दिवस भेटल्याशिवाय राहिलेलेही बघितले नाहीत.

मग एका चैत्रात मुंबईहून कोणी मोठे साहेब दौऱ्यावर येणार, आणि सकाळचं खाणं विश्रामकडे घेणार, असा निरोप आला. विश्रामचे पाय जमिनीला लागेनात. त्या सकाळी कॉस्मे नेहमीसारखा निघाला, आणि साहेब कसा दिसतो ते बघायला मी त्याच्या मागून. विश्राम दारात उभा. अंगात धुतलेला पांढरा सदरा. कॉस्मे पायरीशी आला तसा त्याने हात आडवा केला.

"कॉस्मे, आज नको रे. उद्या ये."

"कित्याक?"

"सायब येतले."

"येवंदेत. माका काय सायबाच्या मांडयेर बसाचा नाय. माजी खुर्ची आसा."

विश्रामची नजर आत गेली. तिच्यामागून आमचीही गेली. कॉस्मेची खुर्ची मधोमध ठेवलेली, तिच्यावर इस्त्रीची चादर, पुढ्यात फुलदाणी. कॉस्मेने तोंड उघडलं. मी कान टवकारले. पण त्या तोंडातून काही आलंच नाही. तो वळला आणि घरी गेला. मी अर्थात गेलो नाही. खिडकीशी उभा राहिलो.

विश्रामने त्या दिवशी काय केलं होतं म्हणून सांगू! तव्यावर तांदळाचं पातळ घावन, ते ओलं असतानाच त्यावर ओल्या काजूगरांची उसळ पसरलेली, वर एक अंडं फोडलेलं, आणि सगळ्याची चौपदरी घडी घालून नारळाच्या रसात कोकम पिळून केलेली आमटी शेजारी. वास रस्त्यापर्यंत. साहेबांनी दोन खाल्ली.

दुपारी मी कुंपणावर कोपर टेकून बातमी दिली, "काय घावन झाला म्हणतंस, कॉस्मे! सायबान बोटां चाटल्यान."

कॉस्मे फळी तासत होता. रंधा थांबला.

"बरा झाला?"

"फसक्लास!"

मला वाटलं, आता रंधा माझ्या डोक्यात येतो. पण तो पुन्हा फळीकडेच वळला. घावन फसलं असतं तर हा गडी हसत हसत, शिव्या देत संध्याकाळीच विश्रामकडे गेला असता. पण ते चांगलं झालं होतं. आणि त्याच्यावाचून झालं होतं. इतकी वर्षं जो हात घडवायला ह्याचं पोट खपलं, त्याला शेवटी ह्याची गरजच लागली नव्हती.

पावसाळा सरेपर्यंत कॉस्मे हॉटेलकडे फिरकला नाही. घरी पेज पिऊन पेजेला शिव्या देत राहिला. पेजेचा काय दोष? हॉटेलात मात्र पाटी लागली, 'साहेबी घावन'. काजूगर सुकवून ठेवलेले, ते भिजवून विश्राम बारमास घावन विकू लागला, आणि आगबोटीचे उतारू त्यासाठी थांबू लागले. कॉस्मेची खुर्ची कोपऱ्यात रिकामी. कोणी बसू लागला की विश्राम ओरडायचा.

आश्विनात एके सकाळी कॉस्मे आला. अंगात रविवारी इगर्जीत प्रार्थनेला घालायचा कोट. सरळ आमच्या बाकड्याच्या टोकाला बसला. विश्राम धावत आला, खांद्यावरच्या फडक्याने खुर्ची पुसायला लागला.

"असू द्या," कॉस्मे म्हणाला. "इथे ठीक आहे."

आम्ही कप खाली ठेवले. आमच्याकडे ही भाषा मामलेदार कचेरीत बोलतात, कोर्टात बोलतात, आणि ज्याच्या घरचं पाणी पुन्हा प्यायचं नाही त्याच्याशी बोलतात.

"काय हाडू, कॉस्मे?"

"आपल्याकडे साहेबी घावन मिळतं असं ऐकलं. एक द्या."

त्याने ते सगळं खाल्लं. रुमालाने तोंड पुसलं. "छान झालं आहे. आभारी आहे." पैसे ठेवले आणि गेला.

विश्रामचा चेहरा पिठासारखा. "भाई, काय म्हणालो तो?"

"छान झाला म्हणालो."

"ता माकाय आयकाक इला! पण त्येका काय वाटला?"

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. लुईझा रडकुंडीला येऊन माझ्याकडे आली. "भाई, घोव माका 'आभारी आहे' म्हणता! कोंबड्याकसुद्धा कायएक बोलना नाय. माका भय वाटता."

विश्रामही इरेला पेटला. कॉस्मेच्या बशीत तो मुद्दाम नासकं वाढू लागला. करपलेलं, कच्चं, अळणी. कॉस्मे खायचा आणि म्हणायचा, "उत्तम." शेवटी एका सकाळी विश्रामने मूठभर मीठ आणि मूठभर तिखट घातलं. आम्ही बघत होतो. कॉस्मेच्या डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, कानाच्या पाळ्या लाल.

"उत्तम झालं आहे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

विश्रामने बशी हिसकावली आणि जमिनीवर आपटली. "शिवी घाल! माज्या आवशी-बापाशीवरसून घाल, पण ह्या सरकारी बोलणा बंद कर!"

"शिवी कशाबद्दल? आपण दुकानदार, मी गिऱ्हाईक."

"गिऱ्हाईक? तू?"

"दारात अडवतात ते गिऱ्हाईकच. घरच्या माणसाला कोण अडवतो?"

"भियालंय रे मी! सायबासमोर तू काय बोलशीत म्हणान भियालंय!"

आणि मग कॉस्मे उठला. बाकडं उलटलं, बाकड्यासकट मी.

"भियालंस? माका? मेल्या, तुजा पयला घावन कोणी खाल्ल्यान? जळका, कच्चा, सगळा ह्या पोटात गेला, आणि बरा झाला तेवां सायबाच्या पोटात? माज्याच खुर्चयेर बसवन? वशाड पडो तुझ्या चुलीर!"

"आणि तुजी जीभ काय मधाची आसा?" विश्रामही काही कमी नव्हता. "तू बसलंस की नवीन माणूस दारातसून परत जाता! चार बरी माणसां माज्याकडे कधी येवचीच नाय काय?"

"तुका बरी माणसां व्हयी आसत. मगे ऱ्हव त्यांका घेवन! सायबान बोटां चाटल्यान मां?"

"कोण म्हणता?"

कॉस्मेने माझ्याकडे बोट केलं. मी बाकडं सरळ करण्यात गुंतलो होतो.

"सायबान काट्यान खाल्ल्यान!" विश्राम किंचाळला. "आणि काय म्हणालो ठावक आसा? 'छान झालं आहे. आभारी आहे.' इतक्याच! आणि गाडयेत जावन बसलो. कॉस्मे, आजून माका कळाक नाय, ता बरा झाला काय वायट!"

कॉस्मे श्वास घेत उभा. राग काही उतरला नव्हता, मान तशीच फुगलेली.

"अंडा कवां फोडलंस?"

"उसळ पसरल्यार."

"उसळ पसरल्यार! खुळ्या, अंडा आधी! पाणी सुटान घावन लिबलिबीत होता, आणि इतको पावस पडान गेलो तरी तुका कळाक नाय? पाटी लावन इकतंस! लाज नाय? रस पातळ, काजूगर दगड, आणि त्यार नाव सायबाचा!"

विश्राम मान हलवत ऐकत होता. सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत होता, ते तिखटाच्या धुराने असेल.

"उद्या परत कर," कॉस्मे म्हणाला. "मी येतंय. पण विश्राम, ह्या दारात परत हात आडवो घातलंस, तर तो हात तासून वल्हा करीन."

"ये," विश्राम म्हणाला, आणि तांदूळ भिजत घालायला आत गेला. तव्याखालची आग विझली होती. त्या दिवशी वेंगुर्ल्याच्या बंदरावर कोणालाच नाश्ता मिळाला नाही.