सुई लागू नये म्हणून

माझी बायको गोंदायची. त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मिळून गोंदायला दिव्यावर धरलेल्या ताटलीची काजळी खरवडली आणि दुपारी ही बसल्या जागी गेली.

सुई टोचताना ती पोरींना मुद्दाम डिवचायची, "अगं, नाक आहे का वांगं? नवरा पळेल!" पोरगी भांडत बसायची, तेवढ्यात हातावर मोर उठायचा. मला म्हणायची, "अवो, रागात माणसाला सुई लागत नाही."

संध्याकाळी तिला पोचवून आलो. बाया म्हणाल्या, सवाष्ण गेली, भाग्याची. कसलं डोंबलाचं भाग्य? त्यांचा राग आला, त्याहून हिचा. न सांगता गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच काजळी घेतली, तिला पोटभर शिव्या घातल्या आणि माझ्या कोऱ्या मनगटावर एक ठिपका टोचला.

लागली की सुई. खोटारडी.