दाजींचं नेट

मी आज जो काही आहे तो माझ्या दाजींमुळे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. फौजेतून निवृत्त होऊन आता आटपाडीजवळच्या आपल्या गावी राहतात. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. कराडला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्गातलं इंग्रजी कळेना, तेव्हा मी त्यांना सीमेवर पत्र टाकलं, की शिक्षण सोडून गावी जातोय. उत्तर आलं नाही, दाजीच आले. सुट्टी मिळाल्यावर घरी न जाता, काळी ट्रंक खांद्यावर घेऊन थेट होस्टेलच्या दारात उभे.

"पावणं, पलटणीत माझ्या डाव्या अंगाला तमिळ, उजव्या अंगाला बंगाली. कुणाचं कुणाला कळत न्हाई. म्हणून काय बंदूक खाली ठिवली व्हय? चला, वर्गात बसा."

मी बसलो. पदवीधर झालो, साताऱ्यात नोकरीला लागलो.

दाजींच्या जिभेला गावात सगळे वचकून असायचे. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत त्यांचं उत्तर तयार. एकदा मी म्हणालो, "दाजी, केस पिकले की तुमचे."

"आमचं पिकलं तरी हाय, पावणं. तुमच्या रानात तर काय उगवतच न्हाई."

टकलावरून हात फिरवत मीच सगळ्यांत जास्त हसलो होतो.

मागच्या वर्षीपासून रविवारच्या व्हिडिओ कॉलवर ही उत्तरं उशिरा येऊ लागली. मी काहीतरी विचारायचो, पडद्यावर दाजींचा चेहरा तसाच थांबायचा, आणि मग आवाज यायचा, "नेट अडकलं वाटतं." पुढं पुढं पलटणीतल्या दोस्तांच्या कॉललाही ते बसेनात. कारण तेच, नेट.

"ह्या नेटनं लय वैताग आणलाय रं," आक्का म्हणाली. "जोडणीवाला दोनदा यून गेला. म्हणतो, लाईन चांगली हाय. चांगली हाय तर ह्यांचं बोलणं का अडकतंय?"

खरं सांगायचं तर मला आतून आनंदच झाला. इतकी वर्षं त्यांच्याकडून नुसतं घेतच आलो होतो. आता मी शिकलेलं काहीतरी त्यांच्या उपयोगी पडणार होतं. लॅपटॉप आणि नवी केबल घेऊन मी आटपाडीची वाट धरली.

घरात राउटर कुठं दिसेना. आक्कानं कमरेची किल्ली काढून लोखंडी कपाट उघडलं. पैठणीच्या शेजारी, विणलेल्या रुमालाखाली राउटर बसला होता, वायरी दाराच्या फटीतून आत ओढलेल्या.

"महागाचं यंत्र. मांजर पाडंल म्हणून ठिवलंय."

"आक्का, लोखंडातून वायफाय नीट बाहेर येत नाही गं!"

मी हसत हसत राउटर बाहेर काढून उंच फळीवर ठेवला. लॅपटॉपला केबल लावून वेग तपासला, मग फोन घेऊन प्रत्येक खोलीत जाऊन तपासला. या तपासणीत तीन आकडे येतात. एक येणाऱ्या माहितीचा वेग, एक जाणाऱ्या माहितीचा, आणि तिसरा, आपण हाक मारल्यावर पलीकडून ओ यायला किती वेळ लागतो त्याचा. तिन्ही उत्तम होते. मला तर आता लढाई जिंकल्यासारखं वाटत होतं.

"शेवटचं बघू," म्हणालो. मी बाहेर कट्ट्यावर खिडकीसमोर बसलो आणि माझ्या मोबाइलच्या नेटवरून त्यांना कॉल लावला. आत आक्का आणि दाजी बाजेवर बसलेले. आक्कानं फोन धरला होता.

"दिसतोयस की रं झ्यॅक!" तिचा आवाज लगेच आला.

"दाजी, जेवायला काय आहे आज?"

पडद्यावर दाजी थांबले. मी मान वर केली. खिडकीतले दाजीही थांबले होते. ओठ किंचित उघडे, हात गुडघा चोळत होता. पडद्यावर त्यांच्या मागं पंख्याच्या वाऱ्यानं कॅलेंडरचं पान हलत होतं. चित्र अडकलं असतं तर पान हललं नसतं.

"नेट..." दाजी म्हणाले, "अडकलं."

ते वाक्य मला दोनदा ऐकू आलं, एकदा फोनमधून आणि एकदा खिडकीतून. दोन्हींत अंतर नावापुरतंच होतं.

आक्कानं खिडकीतून माझ्याकडं पाहिलं. फोन बाजेवर ठेवून ती चुलीकडं गेली. दाजी माझी नजर चुकवत बसून राहिले. म्हणजे त्यांना माहीत होतं.

सांगलीच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. समज शाबूत आहे, पण मेंदूतला शब्द शोधणारा भाग झिजत चालला आहे. शब्द कमी होत जातील आणि औषधानं परत येणार नाहीत, असं त्यांनी सांगितलं. परतीच्या वाटेवर दाजींनी माझा हात धरला. खूप वेळानं म्हणाले, "पावणं... समद्यास्नी... नेटच सांगा."

"व्हय, दाजी."

त्यानंतर ते माझ्याही कॉलवर येईनात. आक्का एकटीच बोलायची. म्हणून मी त्यांना हे पत्र पाठवलं.

*

दाजी,

हे पत्र आहे, त्यामुळं इथं नेटची भानगड नाही.

मी कराडहून तुम्हाला लिहायचो तेव्हा पत्र तुमच्या चौकीवर पोचायला कितीतरी दिवस जायचे, आणि तुमचं उत्तर यायला आणखी तेवढेच. तुम्ही उशीर केलात असं मला कधी वाटलं नाही. आपण पुन्हा तसंच करू. सुचेल तेव्हा आक्काकडून लिहून घ्या. एकच शब्द सापडला तर एकच पाठवा.

तुमच्या पलटणीतल्या दोस्तांना मी फोन केला. म्हटलं, गावाकडं नेट फार वाईट आहे, मीही हात टेकले. त्यावर एकजण म्हणाला, "मग तुझ्या दाजीनं तुला इंजिनिअर कशाला केलं?"

मला काही उत्तर देता आलं नाही. माझ्या जागी तुम्ही असता तर त्याला बोलूच दिलं नसतं. त्याला काय सांगू, ते कळवा. घाई नाही. तोवर मी त्याला फोन करत नाही.

तुमचा,
पावणा