सातापर्यंत मोजणारे भाऊजी

दोन जून. अंगणातल्या सावलीत मी ओल्या पोत्यांच्या गुंडाळ्यांवर पाणी शिंपडत होते आणि माझे धाकटे दीर आत बॅग भरत होते. प्रत्येक गुंडाळीत सोयाबीनचे शंभर दाणे, दहा-दहाच्या ओळीत. चार-पाच दिवसांनी पोतं उलगडायचं आणि कोंब मोजायचे. शंभरातले सत्तर उगवले तर आमचा महिला गट ते बियाणं म्हणून विकतो, नाहीतर ते साधं धान्य म्हणून बाजारात जातं. माझ्या स्वतःच्या शेतातल्या सोयाबीनची गुंडाळी दुसऱ्या दिवशी उघडायची होती.

माझ्या दिरांना जड वाटणार नाही अशी वेबसाइट जगात अजून कोणी बनवलेली नाही. वीस वर्षं ते पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत होते. करोनात ऑफिसं बंद झाली तेव्हा केनवडजवळच्या आमच्या गावी आले आणि माझ्या शिलाई मशीनवर लॅपटॉप ठेवून इथूनच काम करू लागले. वेबसाइट तपासायला त्यांनी काच तडकलेला एक जुना फोन मुद्दाम जपून ठेवला होता. तो घेऊन बुद्धविहाराच्या तिसऱ्या पायरीवर बसायचं, कारण तिथे नेटवर्क जेमतेम येतं, आणि पान उघडेपर्यंत मोठ्याने आकडे मोजायचे. सातापर्यंत उघडलं तर ठीक. नाहीतर ते बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. आमच्या एका पुतण्याने आपल्या लग्नाची वेबसाइट केली, तीत फुलांच्या पाकळ्या पडत आणि सनई वाजे. भाऊजी बावन्नपर्यंत गेले तरी लग्नाची तारीख दिसेना. "एवढ्या वेळात पोरगी नांदून माहेरी येऊन गेली असती," असं त्यांनी दहा जणांसमोर सांगितलं. पुतण्या हळदीपर्यंत बोलला नाही. मग स्वतःच पाकळ्या कशा काढायच्या ते विचारायला आला.

त्यांचं म्हणणं असं की सॉफ्टवेअरचा धंदा आणि आपलं शिवार एकाच बुद्धीने चालतात. इथे एकाने कपाशी मोडून सोयाबीन पेरलं की बघता बघता सगळे पेरतात. तिकडेही एका मोठ्या कंपनीने नवं तंत्र धरलं की बाकीच्या आपलं चालतं काम मोडून त्यामागे धावतात. जमीन कोणती, पाणी किती, कोणी विचारत नाही. हे ते चहा पिताना सांगत, कपडे वाळत घालताना सांगत, सासूबाईंच्या गुडघ्याला तेल लावतानाही सांगत. मात्र सकाळी ज्या तंत्राला नावं ठेवली तेच दुपारी शिकत बसलेले असत. मी एकदा टोकलं, तर म्हणाले, "वहिनी, ज्याले शिव्या द्याच्या, ते आपल्याले आलं तं पाह्यजे."

प्रश्नांना उत्तरं देणारे प्रोग्राम आले तेव्हा त्यांनी वही घेतली आणि दहा-दहाच्या ओळीत शंभर प्रश्न लिहिले: तुरीवर अळी कधी पडते, केनवडचा बाजार कोणत्या वारी, जमिनीचा फेरफार कुठे होतो. प्रत्येक उत्तरापुढे बरोबर-चूक खूण केली. एकाहत्तर उगवले. उरलेले कुजके, पण कुजका दाणाही तितक्याच ठामपणे बोलतो, याचंच त्यांना भारी कुतूहल. "पेराले हरकत नाही," त्यांनी निकाल दिला, "पण राखण सोडू नका."

राखण सोडली ती आम्हीच. गेल्या वर्षी गटाला बियाण्यासाठी वेबसाइट हवी होती. भाऊजींनी एक पान करून दाखवलं: शेतकरणीचं नाव, वाण, शंभरातले किती उगवले, फोन नंबर. फोटो नाही, रंग नाही. "हे तं लाइटबिल दिसून राह्यलं," गटातली एक जण म्हणाली, आणि मलाही तसंच वाटलं. म्हणून आम्ही वाशीमच्या एका माणसाकडून दुसरी वेबसाइट करून घेतली. तिच्यात गोल फिरणारं पोतं होतं आणि गिऱ्हाइकाला उत्तरं देणारी एक खिडकी होती.

आठ दिवसांत आसेगावचा एक शेतकरी गाडी घेऊन दारात आला. खिडकीने त्याला शंभरातले पंच्याण्णव सांगितले होते. आमचं सगळ्यांत चांगलं बियाणं ब्याऐंशीचं होतं. "बाई, मंग मले एवढ्या दूर आणलं काहून?" तो म्हणाला. भाऊजी वरच्या आपल्या खोलीतून उतरले. मला वाटलं, आता ऐकवतील. ते त्याच्याजवळ बसले, वही उघडली आणि त्याने खिडकीला नेमकं कोणत्या शब्दांत विचारलं, आधी भाव की आधी उगवण, याची चौकशी करू लागले. तो आधी चिडला, मग आठवू लागला, मग दोघं मिळून खिडकीला आडवेतिडवे प्रश्न घालून हसू लागले. आमच्याकडे बासमतीही मिळतो असं तिने सांगितलं. जाताना तो ब्याऐंशीचंच बियाणं घेऊन गेला. त्याच संध्याकाळी फिरतं पोतं उतरलं आणि भाऊजींचं लाइटबिल चढलं, ते अजून आहे. त्यातला प्रत्येक आकडा भाऊजीच टाकत.

आता कंपनीने सगळ्यांना पुण्याला परत बोलावलं होतं. निघण्याआधी त्यांनी तडकलेला फोन माझ्या हातात दिला आणि आकडा कसा बदलायचा ते दोनदा दाखवलं. माझं सोयाबीन मळणीच्या वेळी भिजलं होतं, ते माझ्या डोक्यात होतं. "भाऊजी, माह्यंच बी कमी उगवलं तं?" मी विचारलं. "गटाची अध्यक्ष मी, अन् माह्याच आकडा सगळ्यायच्या खाली?"

बॅगेची चेन लावत ते म्हणाले, "तुमचे दाणे तुमी मोजा, तुमचा आकडा तुमीच टाका. मी तिकडून पाह्यतो."

ऑटो निघाला तेव्हा हात हलवायचं सोडून ते ऑटोवाल्याला त्याच्या फोनमधला नकाशा किती जड आहे ते सांगत होते. मी वरची खोली लगेच झाडायला घेतली. झाडण्यासारखं तिथे काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडाळी उलगडली. एकसष्ट. पुन्हा मोजले, एकसष्टच. विहाराच्या तिसऱ्या पायरीवर बसून माझ्या नावापुढे एकसष्ट टाकले, शेजारी 'पेरणीसाठी नाही' असं लिहिलं आणि पान नव्याने उघडायला लावून मोठ्याने मोजू लागले. तीनलाच उघडलं. मी सातापर्यंत मोजत राहिले.