दिल्यासारखं करायचं

कामिनीचं लग्न ठरायला आणि तिच्या बापाला जादू यायला एकच गाठ पडली, आणि त्यात त्या लग्नाचा घात होता होता टळला. कसा ते सांगायचं तर आधी बाप सांगायला हवा.

बापाचं नाव चुनीलालभाई. सारंगखेड्याच्या अलीकडे तापीकाठी गाव, केळीचा बाग, ऊस, दारात ट्रॅक्टर. देवाने काही कमी केलेलं नव्हतं. जे काही कमी केलं ते चुनीलालभाईंनी स्वतः केलं. वर्गणीची पोरं दारात आली की माणूस हसून उठायचा, हात खिशात घालायचा, तोच हात बाहेर काढून हनुवटी खाजवायचा आणि म्हणायचा, "देऊत ना, देऊत." गावाने हे इतक्या वेळा पाहिलं होतं की पोरं आता नुसतं पाणी पिऊन पुढे जात. बरं, माणूस वाईट म्हणावा तर तसंही नाही. मास्तरीण झालेली कामिनी शाळेतून परत यायची तेव्हा तिच्यासाठी पहिला पिकलेला घड वेगळा काढून ठेवणारा हाच माणूस. हातातून काही सुटणं त्याला सहन व्हायचं नाही, एवढंच.

यंदाच्या घोड्यांच्या यात्रेत त्यांनी एका जादूगाराच्या हातात नाणं नाहीसं होताना पाहिलं आणि तिथेच पाघळले. विचार करा, भांडवल एक रुपया, आणि खेळ संपला की तोही परत खिशात. असा शौक दुसरा कोणता दाखवा. घोड्यांचे साज शिवणारा सलीम त्यांचा जुना दोस्त. त्याचं दुकान वर्षानुवर्षं जादूवाल्यांच्या शेजारी लागायचं, त्यामुळे चार गोष्टी त्याच्या हातात आपसूक उतरल्या होत्या. चुनीलालभाई त्याच्याकडे जाऊन बसले.

"पहिली जादू सोपी पाहिजे, भाई," सलीम म्हणाला, "आनि हातना सभावले जमनारी."

मग निवड सुरू झाली. अशी चोखंदळ निवड त्यांनी बैल घेतानाही केली नसेल. एका रुपयाचे चार करायची जादू सलीमने दाखवली. त्याला आधी चार रुपये लागतात हे कळल्यावर ती बाद. नाणं पेल्याच्या बुडातून आरपार न्यायची एक होती. तिला खास बनवलेलं नाणं विकत आणावं लागतं, तीही बाद. पोरांच्या कानामागून रुपया काढायची मात्र फार आवडली.

"मंग तो रुपया पोरेसले देना पडस का?" त्यांनी विचारलं.

"देना तं पडसच. पोरे थोडाच सोडतस."

तीही गेली. शेवटी सलीमने चामडं बाजूला ठेवलं आणि डाव्या हाताच्या बोटांत रुपया धरला. उजवा हात आला, रुपया घेऊन मूठ मिटली, मूठ उघडली तर रिकामी. रुपया डाव्यातच होता. "हाई सगळ्यात पहिली शिकतस," तो म्हणाला. "दिल्यासारखं करायचं, द्यायचं नाही. फक्त हाताला अशी सवय लागली पाहिजे की त्याने डोक्याला विचारताच कामा नये."

चुनीलालभाईंचा चेहरा उजळला.

घरी त्यांनी बायकोला, रंजनाबाईंना, मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या, मान वर केली नाही. "हाई शिकाले मास्तर कसाले पाहिजे? तुम्हले तं लगीन व्हयनं तवयपासून येस."

तेव्हापासून रोज संध्याकाळी ओट्यावर तालीम चालायची. रुपया पडायचा, घरंगळायचा, कधी बोटांच्या फटीतून लखलखीत दिसायचा. शेजारचा पितांबर तर लांबूनच ओरडायचा, "डाव्या हातमा शे!" फसायचं नाव कुणी घेईना. फसायची ती एकटी कामिनी. वह्या तपासता तपासता समोर बसायची आणि रिकामी मूठ उघडली की डोळे मोठे करून विचारायची, "कोठे गया, आप्पा?" तेवढ्यावर बापाची रात्रीची झोप गोड व्हायची.

अशातच तिला नदीपलीकडचं स्थळ आलं. मुलगा भावेश, ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान, माणूस सरळ. कामिनीला पसंत, रंजनाबाईंना पसंत. चुनीलालभाईंनाही खोट काढता येईना. काढायचा प्रयत्न त्यांनी मनापासून केला. मुलाचा बाप ईश्वरभाई तारखेचं विचारायला आला की हे म्हणायचे, "देऊत ना, देऊत." शेवटी रंजनाबाईंनीच साखरपुड्याचा दिवस ठरवला.

त्यांच्या घराण्यात शब्द पक्का होतो तो रुपया-नारळाने. मुलीच्या बापाने मुलाच्या हातात चांदीचा रुपया ठेवायचा. ठेवला म्हणजे मुलगी दिली. द्यायला हातात घेतलेला रुपया बापाने तसाच ठेवून घेतला म्हणजे नातं मोडलं. मग पंगत तशीच टाकून पाहुणे उठतात. हा रुपया चुनीलालभाईंच्या आईचा, रेशमी चिंधीत जपलेला. "साधा नही का चालाव?" असं त्यांनी एकदा विचारून पाहिलं होतं. रंजनाबाईंनी नुसतं पाहिलं, तेवढ्यावर विषय मिटला.

मांडव भरला. चुनीलालभाईंनी भावेशला उजव्या हाताने कुंकू लावलं, नारळ दिला. उजवा हात गुंतलेला, म्हणून रंजनाबाईंनी रुपया त्यांच्या डाव्या हातात ठेवला. आता डाव्या हाताने कुणी मुलगी देतं का? रुपया डाव्यातून उजव्यात घ्यायचा आणि मग द्यायचा, इतकं साधं काम. उजवा हात आला, मूठ मिटली, भावेशच्या तळहातावर गेली आणि उघडली.

काहीच नव्हतं.

भावेश आपल्या रिकाम्या हाताकडे पाहत राहिला. पितांबरलासुद्धा आज डावा हात दिसला नाही. महिनोन् महिने कामिनीशिवाय एक माणूस फसेना आणि आज अख्खा मांडव फसला. त्यात जादूगारही आलाच. हाताने खरंच डोक्याला विचारलं नव्हतं.

ईश्वरभाईंचा चेहरा उतरला. "चुनीलालभाई, मनमा काय शे ते सांगी द्या. पोर देवानी नसनी तं आम्ही उठतस."

"चूक व्हई गई," एवढं बोलायला किती वेळ लागतो? पण डाव्या मुठीत रुपया गरम झाला होता आणि मूठ उघडत नव्हती. सवयीने झालं म्हणावं, तर आता कोण अडवत होतं? नव्हती द्यायची त्यांना पोर. ती गेली की संध्याकाळी ओट्यावर समोर कोण बसणार होतं? पाहुण्यांत चुळबुळ सुरू झाली. मागच्या रांगेत कुणी तरी उठून चपला शोधू लागलं.

कामिनी आईशेजारून उठली. जवळ येऊन हळूच म्हणाली, "आप्पा, डावा हात."

चुनीलालभाईंनी तिच्याकडे पाहिलं. म्हणजे हिला रोज दिसत होतं तर. पहिल्या दिवसापासून दिसत होतं आणि रोज संध्याकाळी ही विचारत होती, कोठे गया. बापाचं मन राहावं म्हणून. आणि आज सांगत होती, कारण आज तिला जायचं होतं.

त्यांनी मूठ उघडली. रुपया तळहाताला चिकटला होता, तो सोडवून त्यांनी भावेशच्या हातात ठेवला आणि वरून त्याची बोटं मिटवली. पहिली टाळी पितांबरने वाजवली, मग सगळा मांडव हसला. ईश्वरभाई तर खुशीने म्हणाले की व्याही मोठे कलाकार मिळाले. चुनीलालभाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेही लोकांनी खेळातच धरलं.

दुपारी पाहुणे गेले. कामिनी सासूने आणलेली साडी शेजारणींना दाखवायला आत बसली होती. चुनीलालभाई ओट्यावर एकटेच होते. रंजनाबाई चहा घेऊन आल्या.

"आज तं भलतीच जमनी तुम्हनी जादू."

"कोठे जमनी?" ते म्हणाले. "त्या जादूमा रुपया देवाना नही ऱ्हास."